बाटलीचं वजन

२ फेब्रुवारी

नवी वही घेतली. माणसाची ओळख त्याच्या कामावरून, म्हणून पहिल्या पानावर या दोन हातांनी आजवर काय केलं ते लिहितो. पितळी तागड्या एकशे चौदा. औषधवाल्यांचे नाजूक काटे सात, काचेच्या पेटीसकट. त्यातला एकही तक्रार होऊन परत आलेला नाही. वजनांचे संच नऊ, दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. लेथ एक, मोडक्या शिवणयंत्राच्या पायावर उभा केलेला, अठरा वर्षं चालतोय. घरातलं फडताळ. मुलीचा पाळणा, ज्याच्या कड्या कधी कुरकुरल्या नाहीत. मंडळाच्या सभागृहाच्या तीन दारांच्या बिजागऱ्या. आणि गेल्या महिन्यात केलेली घोडी: साडेनऊ इंच लांब, शिसवी, वर चामड्याची पट्टी. तिच्यावर मनगट टेकवून काम केलं की हात हलत नाही.

हात थोडा हलतो, हे खरं. सकाळी जास्त. थंडीचा परिणाम असावा. घोडी हा त्यावरचा इलाज नसून कामाची सुधारलेली पद्धत आहे, हे इथे स्पष्ट करून ठेवतो.

१२ मार्चला वजनमापं खात्याचा निरीक्षक येणार. दर पाच वर्षांनी येतो. त्याच्यासमोर औषधवाल्याचा काटा उघडायचा, दांडीची धार बसवायची आणि काटा पुन्हा शून्यावर आणून दाखवायचा. जमलं तर माझा शिक्का माझ्याकडे राहतो, नाही तर जातो. शिक्का नसलेला काटेवाला म्हणजे नुसता ठोकाठोकी करणारा. आमच्या माणसांत हा शिक्का मिळालेला मी पहिला, आणि बावीस वर्षं झाली, अजून दुसरा कोणी नाही.

नियमात ‘मोकळ्या हाताने’ असे शब्द आहेत. तीनदा वाचले. घोडी चालणार नाही.

५ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. विषय नव्या सभागृहाच्या जिन्याचा होता. आमचे अध्यक्ष कापडाचे घाऊक व्यापारी, बोलणं मीटरवर मोजून दिल्यासारखं. शेवटी त्यांनी खिशातून एक कागद काढला. “आरोग्य केंद्राकडून आलाय. तुमच्या समाजात दारू पिण्याचं प्रमाण किती, असं विचारतात. मी उत्तर लिहून दिलं. नाही.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग सगळे भांडी मोजायला गेलो.

माझ्यामागे ही वही कोणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून खुलासा करतो. आमची माणसं आजोबांच्या वेळी खाणीच्या कामाला इथे आली. बोली वेगळी, चेहरे वेगळे. इथले लोक म्हणायचे, या लोकांना संध्याकाळनंतर काम सांगू नका, उभं राहता येत नाही त्यांना. ते आजोबांच्या पिढीला इतकं लागलं की मंडळ काढलं तेव्हा पहिला नियमच हा केला: आमच्यात कोणी पीत नाही. नियम आजही भिंतीवर काचेत आहे. काचेची चौकट मी केलेली नाही, ती वाकडी आहे.

तर सभागृहाच्या मागे भांड्यांची खोली आहे. तिथे स्टीलचे पेले असतात, बाहेरून पाहिलं तर पाणीच वाटावं. कोणी त्या गोष्टीचं नाव घेत नाही. “काय मिस्त्री, भांडी मोजायची का?” एवढंच.

घरी आल्यावर ही म्हणाली, “किती भरली आज?”

“काय?”

“भांडी हो. इतकी भांडी मोजणारं मंडळ जगात दुसरं नसेल, आणि लग्नकार्याला बघावं तर वाट्या कमीच.”

९ फेब्रुवारी

हाताचं दाखवायला आरोग्य केंद्रात गेलो. ही मागेच लागली होती. तिथे आमच्या बोलीचा दुभाष्या फुकट मिळतो, पण तो हिचा चुलतभाऊ, आणि त्याला आम्ही सगळे ‘रेडिओ’ म्हणतो. दुपारी त्याच्या कानात घातलेलं संध्याकाळी अख्ख्या वस्तीला ऐकू येतं. म्हणून मुलीला नेलं. वय एकवीस, छापखान्यात मजकूर तपासते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली.

दुभाष्याची मला गरज नाही, हेही लिहून ठेवतो. इथल्यांची भाषा मी यंत्रांसोबत येणाऱ्या पुस्तिकांतून स्वतः शिकलो. त्यामुळे ‘घट्ट आवळा’ आणि ‘तेल घालण्यापूर्वी पुसून घ्या’ हे मला आधी आलं आणि ‘कसे आहात’ नंतर. पण सरकारी जागी मी भाषा येत नाही असंच वागतो. ज्याला भाषा येत नाही त्याला लोक प्रश्न कमी विचारतात.

नर्स फार तर तेवीस-चोवीसची. हात पुढे करायला सांगितलं, त्यावर कागद ठेवला. कागद फडफडला. तिने विचारलं, पिणं किती आहे?

मी मुलीला आमच्या बोलीत सांगितलं, “सांग, दोन पेले. जेवणाआधी.”

मुलगी नर्सकडे वळली आणि इथल्यांच्या भाषेत, संथ, जणू मजकूर वाचून दाखवावा तशी बोलली. “रोज पाऊण बाटली. सहा वर्षांपासून. सकाळी घेतल्याशिवाय हात थांबत नाही. आई त्याबद्दल बोलत नाही. तुम्ही बोला.”

मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहत राहिलो. पाटीचे चारपैकी तीनच स्क्रू जागेवर होते.

नर्सने काही कागद दिले आणि म्हणाली, एकदम बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो, आधी इथे या. मुलीने मला तेवढं मात्र नीट सांगितलं.

बसथांब्यावर दोघं उभे होतो. तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला सगळं कळलं ना?”

“कळलं.”

“मला माहीत होतं कळणार. म्हणून तर बोलले.”

बस आली. आत बसल्यावर मी विचारलं, “पाऊण बाटली कुठून काढलीस? मोजलीस?”

“नाही.”

“मग मोजल्याशिवाय आकडा बोलू नये. तुझ्या छापखान्यात चालेल असं?”

“मग मोजा,” म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. उन्हामुळे डोळ्यांना पाणी येतं तसं तिच्या डोळ्यांना आलं होतं. बस सावलीतून चालली होती.

१० फेब्रुवारी

पद्धत अशी ठरवली. घरची बाटली आणि दुकानची बाटली, दोन्ही रोज सकाळी सातला वजन करायच्या, माझ्या स्वतःच्या काट्यावर. कालच्या वजनातून आजचं वजा. दारू पाण्याहून हलकी, तो फरक धरून पाऊण बाटलीचे ग्रॅम काढले: ५३४. मुलीला हा आकडा कागदावर लिहून दिला. तो तिने पाकिटात ठेवला.

१२ फेब्रुवारी

दोन दिवसांची सरासरी: दुकान १७६, घर २०४, एकूण ३८०. म्हणजे मुलगी दीडशेहून जास्त चुकली. संध्याकाळी तिला वही दाखवली.

तिने वाचली. “सकाळची कुठे आहे?”

“ती औषधाची. हत्यारांच्या पेटीत चपटी बाटली असते. हात थांबण्यापुरतीच. ती पिण्यात येत नाही.”

“आणि भांडी?”

“ती मंडळाची. पाहुणचारात धरायची.”

“बाबा,” ती म्हणाली, “एखाद्या दुकानदाराने पारड्याखाली अंगठा लावला तर तुम्ही त्याला काय म्हणता?”

मी काय म्हणतो ते सबंध बाजाराला माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

सगळं धरून मोजलं. मंडळातल्या पेल्यात किती मावतं ते पाणी घालून ठरवलं, चपटी बाटलीही वजनात घेतली. तीन दिवसांची सरासरी ६१० ग्रॅम.

मुलीचा आकडा चुकलाच होता. शहात्तर ग्रॅमनं कमी.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “अहो, एवढा काटा-बिटा कशाला? मला विचारायचं होतं. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला देते कोण?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

जेवणाला तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. काचेचा.

१६ फेब्रुवारी

निर्णय घेतला. आज दुपारी बारापासून बंद. नर्स म्हणाली होती एकदम नको, पण लेथ मला कोणी शिकवला नव्हता, भाषा कोणी शिकवली नव्हती, तागडी तर नाहीच नाही. तेवीस वर्षांच्या नर्सने मला थांबायचं कसं ते शिकवावं, हे काही पटलं नाही. २४ दिवस हातात आहेत. निरीक्षक येईपर्यंत हात दगडासारखा होईल. बाटल्या हिच्या हवाली केल्या. तिने त्या घेतल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बाटली आहे, कुठे ठेवावी कळत नाही.

१७ फेब्रुवारी

घाम. अक्षर पाहावं. कानस तीनदा हातून पडली. बाकी ठीक.

१८ फेब्रुवारी

झोप नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी खिळे मोजतंय. शेजारी म्हणतात त्यांच्याकडे कोणी नाही.

२४ फेब्रुवारी

दवाखान्यातून काल सोडलं. घडलं ते क्रमाने लिहितो, मला जेवढं आठवतं आणि हिने जेवढं सांगितलं तेवढं.

अठरा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास दुकानात होतो. वजनांच्या पेटीचं झाकण उघडलं तर वजनं बाहेर येऊ लागली, आपली आपण, रांगेत. पन्नास ग्रॅमचं पुढे, बाकीची मागे. मी त्यांना जागेवर बसायला सांगितलं. ऐकेनात. तेव्हा मी ओरडलो, असं समोरचा चहावाला सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी वजनांना म्हणालो, “शिक्का माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही!” हे मी म्हणालो असेन यावर माझा विश्वास बसत नाही. पण चहावाल्याला असं वाक्य सुचणार नाही, तेव्हा म्हणालोच असेन.

मग मी पडलो. आकडी आली. चहावाल्याने हिला बोलावलं. दवाखान्यात पाच दिवस. एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, तुमचं नशीब की दुकान रस्त्यावर आहे.

दुभाष्या म्हणून रेडिओच आला होता. म्हणजे आता सगळ्यांना माहीत आहे.

२६ फेब्रुवारी

नर्सकडे गेलो. भाषेचं नाटक आज सोडून दिलं. मी म्हणालो, “तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.” वाक्य बरोबर आलं असावं, कारण ती हसली नाही.

दवाखान्याच्या गोळ्या अजून दोन आठवडे, रोज कमी करत. त्याचा तक्ता दिला, आणि सांगितलं, यादरम्यान थेंबही नाही, आणि अंग थरथरलं तर लगेच यायचं. गोळ्या हिच्याकडे राहतील. मी म्हटलं, मी स्वतः ठेवीन, मला मोजायची सवय आहे. नर्स म्हणाली, “तुम्हाला काय काय मोजायची सवय आहे ते तुमच्या मुलीने सांगितलंय.”

मग हात. तिने साफ सांगितलं की १२ मार्चला हात थांबलेला नसेल. दोन-तीन महिने तरी लागतील, कदाचित जास्त. तिथून मी सरळ वजनमापं खात्यात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज दिला. ‘परीक्षा पुढे ढकलण्याचं कारण’ अशी ओळ होती, दोन इंच जागा. मी आधी ‘प्रकृती’ लिहिलं. ते खरं होतं, पण पारड्याखाली अंगठा होता. खोडून पूर्ण लिहिलं. कारकुनाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला. त्याचा शिक्का. माझा शिक्का सहा महिन्यांसाठी त्यांच्या कपाटात जमा झाला. पावती मिळाली. म्हणजे सहा महिने फक्त दुरुस्ती, मोहोर मारण्याचं काम नाही. कमाई निम्म्याहून खाली येणार.

घरी येऊन हिला पावती दाखवली. तिने ती फडताळात दागिन्यांच्या डबीत ठेवली. का ते कळलं नाही.

३ मार्च

पंधरा दिवस नाही घेतली. दुपारी चारची वेळ वाईट असते. हातांना काम हवं असतं आणि काम द्यावं तर ते करत नाहीत. दुकानाभोवती फेऱ्या घालतो. चहावाल्याने विचारलं, “मिस्त्री, चौकीदारी लागली का?”

नर्सने एक कागद दाखवला. दर मंगळवारी दुपारी चार वाजता केंद्रात एक खोली द्यायला ती तयार आहे. आमच्याच बोलीत बोलायचं, आमच्याच माणसांनी, बाहेरचा दुभाष्या नाही. खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही, तशी सही द्यावी लागेल. पण वरून अट आहे: किमान सहा नावं हवीत, नाही तर खोली दुसऱ्या कामाला जाईल. इतकी वर्षं प्रयत्न करूनही केंद्राला ते जमलं नव्हतं, कारण मंडळाचं उत्तर दर वेळी एकच, आमच्यात कोणी पीत नाही.

“पाच नावं आली आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही पडल्याचं ऐकून.”

म्हणजे रेडिओचाही उपयोग असतो.

नावं तिने दाखवली नाहीत, अर्थातच. मी सहावं लिहिलं. सही करताना हात हलला, पण सही कोणाची ते कळतं.

५ मार्च

अध्यक्ष दुकानात आले. आजवर कधी आले नव्हते, कापड मोजायला काटा लागत नाही. मी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

त्यांनी आधी तब्येत विचारली. मग नव्या सभागृहाच्या जिन्याचं बोलले. मग चहाचा कप उचलला, बशीवर तो टकटक वाजला, पुन्हा खाली ठेवला आणि शेवटपर्यंत उचलला नाही.

“मिस्त्री, तुम्ही शहाणे माणूस. शिक्का मिळवलात, आम्ही अभिमानाने सांगतो सगळीकडे. आता हे खोलीचं काय काढलंत?” सहाव्या नावाची बातमीही रेडिओवर लागली होती.

“खोली नर्सबाईंनी काढली. मी नाव दिलं.”

“तुमचं नाव निघालं तर पाच उरतात. खोली होत नाही. कोणाचं वाईट होत नाही.” ते पुढे वाकले. “इथले काय म्हणतात तुम्हाला सांगायला नको. माझ्या वडिलांना खाणीवर मुकादमाने सगळ्यांसमोर तोंडाचा वास द्यायला लावला होता. न पिणाऱ्या माणसाला. आपण साठ वर्षं घालवून तो डाग धुतला. आता केंद्राच्या दारावर आपल्या बोलीत पाटी लागणार, दारुड्यांची खोली म्हणून? तुमची मुलगी छापखान्यात आहे. उद्या तिथला मालक ती पाटी वाचणार. आपल्याच हातानं त्यांना काठी का द्यायची?”

ते खोटं बोलत नव्हते. वडिलांची गोष्ट वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकली. मी म्हणालो, “पाटी लागणार नाही, नुसता खोलीचा नंबर असेल.”

“नंबर लपतो होय?”

मग नाव काढण्याच्या बदल्यात काय देतील ते त्यांनी आकड्यानिशी सांगितलं. मी परवा सांगतो म्हटलं. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. कपाचा आवाज वयामुळे असावा. पण ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत.

६ मार्च

घरात सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात थांबले. “किती म्हणालात?”

आकडा पुन्हा सांगितला. तिने भाजी पुन्हा निवडायला घेतली, बराच वेळ निवडत राहिली, चांगली पानंही टाकत राहिली.

मुलगी म्हणाली, “मालकाला पाटी वाचू दे. मी सांगेन त्याला.”

“तू गप्प बस,” आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “घर मी चालवते आहे तेव्हापासून तुमची मिळकत मला पाठ आहे. सहा महिने कसे काढायचे ते मी बघीन. पण तुम्ही दुपारी चारला कुठे असता ते मला कळायला हवं. एवढंच.”

दिवसभर बसवत नाही. लेथ पुसला, जो स्वच्छच होता. मग पुन्हा पुसला. अध्यक्षांचे वडील डोळ्यांसमोर येतात, मुकादमासमोर तोंड उघडून उभे. न पिणारा माणूस होता तो. माझ्या तोंडाला वास होता, आणि मला कोणी तोंड उघडायला लावलं नव्हतं.

७ मार्च

सकाळी अकराला अध्यक्षांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईकं होती म्हणून बाजूला उभा राहिलो. ती गेल्यावर मी म्हणालो, “अध्यक्ष, मंगळवारी चार वाजता मी तिथे असेन.”

ते कापडाची गुंडाळी उलगडत होते, ती तशीच उलगडत राहिली, फरशीवर आली, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी वाकून उचलली आणि फळीवर ठेवली.

“मिस्त्री,” ते म्हणाले, हळू, “खोलीत कोण कोण असणार?”

“मला माहीत नाही. बाहेर सांगायची बंदी आहे.”

“बंदी पाळतात?”

“मी सही केलीय,” मी म्हणालो. “बाकीच्यांचं मी कसं सांगू.” त्यांनी मान हलवली. मला वाटलं रागावले असतील. राग दिसत नव्हता, पण मला माणसांचे चेहरे काट्यासारखे वाचता येत नाहीत.

आज एकोणिसावा दिवस. नोंद राहावी म्हणून लिहितो. अध्यक्षांनी देऊ केलं होतं ते असं: नव्या सभागृहाच्या जिन्याचं सगळं रेलिंग, लोखंड त्यांचं, मजुरी माझी, शिवाय बाजारातल्या आमच्या एकवीस दुकानांच्या काट्यांची तीन वर्षांची देखभाल, शिक्का परत मिळो न मिळो. सगळं मिळून एक लाख चाळीस हजार, त्यातले चाळीस लगेच हातात, आणि त्याबदल्यात यादीतलं माझं नाव खोडायचं. मी नाही म्हटलं.